विश्लेषण : एक रेक अडकला की कॅनडातील रेल्वेचे वेळापत्रक का कोलमडते?

ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील चर्चिल या छोट्या बंदरात एक अजब दृश्य दिसले. प्रवासी रेल्वेगाडीची इंजिने आणि डबे चक्क जहाजावर चढवले जात होते. त्या वर्षी मे महिन्यात आलेल्या पुराने विनिपेगहून चर्चिलला येणारा लोहमार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला होता. गाडी शेवटच्या स्थानकात पोहोचलेली होती आणि परतीची वाटच उरली नव्हती. काही महिने वाट पाहिल्यावर ‘व्हिया रेल’ या सरकारी कंपनीने गाडी समुद्रमार्गे परत नेण्याचा निर्णय घेतला. तिची देखभाल करायची होती आणि ती पुन्हा सेवेत आणायची होती. चर्चिलला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. त्यामुळे गाडी जहाजावर चढताना पाहणाऱ्या गावकऱ्यांना रेल्वे आपल्याला सोडून चालली, असे वाटले तर नवल नाही. मार्ग दुरुस्त होऊन प्रवासी गाडी पुन्हा धावायला डिसेंबर २०१८ उजाडला.

एका गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? तर व्हियाकडे तिच्या बदली लावायला मोकळे डबे फारसे नव्हते. जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या देशात लांब पल्ल्याच्या गाड्या किती धावणार, कोणत्या दिवशी धावणार आणि उशीर झाला तर किती होणार, याचे उत्तर प्रवाशांच्या गर्दीपेक्षा ‘रेक आत्ता कुठे आहे’ या प्रश्नात दडलेले असते.

रेक आणि त्याची फेरी

रेक म्हणजे ठरावीक डब्यांची जोडलेली गाडी. सकाळी पुण्याहून मुंबईला गेलेल्या डेक्कन क्वीनचाच रेक संध्याकाळी पुण्याला परततो, हे तिच्या प्रवाशांना माहीत असते. सकाळची गाडी रखडली तरी मधल्या काही तासांत ती वेळ भरून निघते. पण हाच प्रवास तीन तासांऐवजी चार रात्रींचा असेल तर?

टोरंटो ते व्हँकुव्हर धावणारी ‘द कॅनेडियन’ ४,४६६ किलोमीटर अंतर कापते. सध्याच्या वेळापत्रकानुसार ती टोरंटोहून रविवारी आणि बुधवारी सकाळी निघते. रविवारची गाडी गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास व्हँकुव्हरला पोहोचते. तोच रेक शुक्रवारी दुपारी तीनला परत निघतो आणि मंगळवारी दुपारी टोरंटोत येतो. लगेच दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, त्याला पुन्हा पश्चिमेकडे निघायचे असते. बुधवारी निघालेला रेक रविवारी व्हँकुव्हरला, सोमवारी तिथून परत आणि शुक्रवारी टोरंटोत. त्याला पुढची फेरी रविवारी.

कागदावर मांडून पाहिले तर एका रेकची फेरी कधी १० दिवसांची, तर कधी ११ दिवसांची होते. आठवड्यातून दोन गाड्या चालवायला त्यामुळे तीन रेक पुरतात. तीन आठवड्यांत प्रत्येक रेक दोन फेऱ्या करतो आणि चक्र पुन्हा पहिल्या दिवसावर येते. गणित चोख आहे. कमकुवत दुवा आहे तो मंगळवार दुपार ते बुधवार सकाळ या सुमारे १९ तासांचा. तेवढ्या वेळात स्लीपर डबे झाडायचे, चादरी-उशा बदलायच्या, पाणी भरायचे, स्वयंपाकघरात चार दिवसांचा शिधा चढवायचा आणि ब्रेकपासून हीटिंगपर्यंत सगळे तपासायचे. व्हँकुव्हरला मात्र दोन्ही वेळा ३१ तास मिळतात. त्यामुळे मोठी कामे तिकडेच उरकणे सोयीचे पडते.

आता समजा, गाडी टोरंटोत १२ तास उशिरा आली. १९ तासांचे सात झाले. उशीर आणखी वाढला तर बुधवारची गाडी निघण्याआधीच लेट. म्हणजे गेल्या आठवड्यात प्रेअरीच्या मैदानात एखाद्या मालगाडीमुळे खोळंबलेल्या प्रवाशांचा उशीर या आठवड्यात टोरंटोत बॅग घेऊन उभ्या असलेल्या, त्या गाडीशी काहीही संबंध नसलेल्या प्रवाशाच्या वाट्याला येतो.

रूळ दुसऱ्याचे, वेळ आपली

मालगाडीचा उल्लेख सहज आलेला नाही. व्हिया रेल सुमारे १२,५०० किलोमीटरच्या जाळ्यावर गाड्या चालवते, पण त्यातील स्वतःच्या मालकीचे रूळ जेमतेम तीन टक्के. बाकीचे बहुतांश रूळ मालवाहतूक कंपन्यांचे, त्यातही प्रामुख्याने कॅनेडियन नॅशनल अर्थात सीएनचे. अमेरिकेत ‘अ‍ॅमट्रॅक’च्या प्रवासी गाड्यांना मालगाड्यांपेक्षा प्राधान्य द्यावे, असा कायदा आहे. तो कितपत पाळला जातो हा वेगळा वाद. कॅनडात तसा कायदाच नाही.

त्यात पश्चिमेकडे बराचसा मार्ग एकेरी आहे. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला बाजूच्या लूप लाइनवर थांबावे लागते. सीएनच्या मालगाड्या अनेकदा तीन किलोमीटरहून लांब असतात आणि कित्येक लूप लाइन त्याहून आखूड. मावते कोण? प्रवासी गाडी. मग तीच थांबते. व्हियाने २००८ च्या अखेरीस द कॅनेडियनच्या प्रवासात एक रात्र वाढवली. तीन रात्रींचा प्रवास चार रात्रींचा झाला.

वेळ वाढवली की गाडी ‘वेळेवर’ येते, हे आपल्याकडच्या प्रवाशांनाही अनुभवाने ठाऊक आहे. शेवटच्या दोन स्थानकांमधला तो संशयास्पद लांबलेला वेळ! पण लांब पल्ल्यावर ही वाढ फुकट मिळत नाही. फेरी लांबली की रेक जास्त लागतात. दहा दिवसांची फेरी गृहीत धरली आणि आठवड्यातून तिसरी गाडी सुरू करायची ठरवली, तर चार रेकही पुरत नाहीत, पाच लागतात. दोन गाड्यांना तीन आणि तीन गाड्यांना पाच. रोज गाडी हवी असेल तर दहा. एवढे स्लीपर डबे आणायचे कुठून? कारण या गाडीचे डबे आज कोणी बनवत नाही. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने ते कॅनेडियन पॅसिफिकसाठी १९५४-५५ च्या सुमारास बांधले आणि एप्रिल १९५५ मध्ये ते पहिल्यांदा धावले. वीज, हीटिंग वगैरे नव्याने बसवून तेच आजही धावत आहेत.

निम्मी गाडी, पण बचत किती?

पूर्वेकडची ‘द ओशन’ ही माँट्रियल–हॅलिफॅक्स गाडी १९०४ पासून चालते. अंतर १,३४६ किलोमीटर, एक रात्र. ऑक्टोबर २०१२ मध्ये व्हियाने तिच्या फेऱ्या आठवड्यातून सहावरून तीनवर आणल्या. आता दोन्ही टोकांकडून ती बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सुटते.

इथले गणित वाचण्यासारखे आहे. रेक बुधवारी संध्याकाळी माँट्रियलहून निघतो, गुरुवारी संध्याकाळी हॅलिफॅक्स. शुक्रवारी दुपारी परत, शनिवारी सकाळी माँट्रियल. मग रविवार संध्याकाळपर्यंत उभा. दुसरा रेक याच्या उलट फिरतो. म्हणजे आठवड्याला तीन गाड्यांसाठी दोन रेक. आता याच वेळा कायम ठेवून गाडी रोज चालवायची म्हटले आणि शनिवारी सकाळी आलेला रेक त्याच संध्याकाळी परत पाठवला, तर फेरी तीन दिवसांची होते. म्हणजे रोजच्या गाडीला कागदावर तीन रेक पुरतात. फेऱ्या दुपटीहून जास्त, रेक फक्त एक जादा! प्रत्यक्षात राखीव डबे, कर्मचारी, इंधन आणि सीएनची परवानगी हे सगळे लागतेच. तरीही फेऱ्या निम्म्या केल्याने गाड्यांचा ताफा निम्म्यावर येत नाही, तो बराचसा नुसता उभा राहतो, हे न्यू ब्रन्सविकमधल्या एखाद्या आजोबांना समजावून सांगणे कठीण आहे. तपासणीसाठी मोठ्या शहरात जायचे, तर त्यांच्या गावात गाडी येते आठवड्यातून तीनदा.

या गाडीचे काही डबे तर मुळात कॅनडासाठी बनलेलेच नव्हते. ब्रिटन आणि युरोपदरम्यान चॅनेल बोगद्यातून ‘नाइटस्टार’ नावाची रात्रीची गाडी सुरू करायची म्हणून बर्मिंगहॅममध्ये डबे बांधायला घेतले गेले. १९९९ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. काही पूर्ण, काही अर्धवट असे १३९ डबे व्हियाने २००० मध्ये स्वस्तात उचलले आणि त्यांना ‘रेनेसाँ’ असे नाव दिले. ब्रिटिश मापाचे असल्याने ते अरुंद. आसने एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. जुन्या बड डब्यांशी ते सहज जोडले जात नाहीत. म्हणजे कंपनीकडे एकूण डबे किती, हा आकडा फसवा ठरतो. कोणता डबा कोणाशी जुळतो, हेही पाहावे लागते.

त्यातच हॅलिफॅक्समध्ये आख्खी गाडी वळवण्यासाठी वापरला जाणारा रुळांचा गोल फेरा कंटेनर टर्मिनलच्या जागेत होता. २०२० मध्ये तो वापरणे बंद झाले. आता गाडी न वळवता, उलट्या टोकाला इंजिन ठेवून परत निघते. गाडीच्या शेपटीला जोडला जाणारा काचेच्या घुमटाचा ‘पार्क कार’ हा डबा वळवता येत नाही म्हणून द ओशनमधून कायमचा गेला. पर्यटकांच्या जाहिरातीतला सर्वात देखणा डबा एका वळणामुळे वगळावा लागला.

रिकामे डबे घेऊन धावणाऱ्या गाड्या

ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एक पेच उभा राहिला. जुन्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यांच्या सांगाड्याच्या मजबुतीबद्दल तपासणीत शंका निर्माण झाली. खबरदारी म्हणून गाडीच्या टोकांना प्रवासी नसलेले ‘बफर’ डबे जोडण्याचे ठरले. टक्कर झालीच तर पहिला धक्का रिकाम्या डब्याला बसावा, हा हेतू. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. पण ज्यांच्याकडे आधीच डब्यांचा तुटवडा, त्यांनी चांगले डबे रिकामे ओढायचे म्हणजे आसने कमी झाली. द कॅनेडियनमध्ये तर पार्क कारच्या मागे रिकामा डबा लागला. रॉकी पर्वत मागे सरकताना पाहण्यासाठी घसघशीत पैसे मोजलेल्या प्रवाशांना काही महिने समोरच्या डब्याची पाठ पाहत बसावे लागले.

नव्या गाड्या आल्या, प्रश्न सुटला?

क्युबेक सिटी–माँट्रियल–ओटावा–टोरंटो–विंडसर हा पट्टा म्हणजे व्हियाचा कणा. बहुसंख्य प्रवासी इथलेच. ऑन्टारिओत शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांपैकी कोणी कॅनडात रेल्वेने फिरले असेल, तर बहुधा याच पट्ट्यात. इथल्या जुन्या ताफ्याच्या जागी ३२ नवे रेक घेण्यासाठी व्हियाने डिसेंबर २०१८ मध्ये सीमेन्सशी ९८.९ कोटी कॅनेडियन डॉलरचा करार केला. ‘व्हेंचर’ नावाची ही गाडी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोत बनते. पहिली गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये धावली.

रचना सोपी आहे. एका टोकाला इंजिन, मागे पाच डबे आणि शेवटच्या डब्यात चालकाची केबिन. गाडी शेवटच्या स्थानकात पोहोचली की चालक या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि परत निघतो. वळवणे नाही, इंजिन काढणे-जोडणे नाही. आपल्याकडे वंदे भारतमुळे हा फायदा आता सर्वांना माहीत आहे. फेरी आखूड झाली की तेवढ्याच रेकमध्ये जास्त गाड्या बसतात.

पण डबे एकमेकांना कायमचे जोडलेले असल्याचा तोटाही असतो. एक डबा बिघडला की पूर्ण रेक बाजूला. सणासुदीला जादा डबा लावता येत नाही. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी माँट्रियलहून क्युबेक सिटीला निघालेली व्हेंचर गाडी वाटेत बंद पडली आणि प्रवासी दहा तासांहून अधिक काळ अडकले. प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेले.

आणि त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांत खरा धक्का बसला. तोही एका आकड्यामुळे.

२४ आणि ३२

ऑक्टोबर २०२४ मध्ये सीएनने निर्बंध घातला. ३२ पेक्षा कमी अ‍ॅक्सल असलेल्या व्हेंचर गाड्यांनी लेव्हल क्रॉसिंगजवळ वेग कमी करावा आणि फाटक व दिवे सुरू झाल्याची खात्री चालकाने डोळ्यांनी करून घ्यावी. व्हेंचरमध्ये इंजिन धरून सहा वाहने, प्रत्येकी चार अ‍ॅक्सल, एकूण २४. या पट्ट्यात क्रॉसिंग शेकडो आहेत.

अ‍ॅक्सल आणि फाटकाचा संबंध काय? क्रॉसिंगजवळ रुळांमधून क्षीण विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तिची लोखंडी चाके आणि त्यांना जोडणारा अ‍ॅक्सल दोन रुळांमध्ये पूल बांधतो आणि प्रवाह तिथूनच परत फिरतो. याला ‘शंट’ होणे म्हणतात. (डबे पुढे-मागे करण्याच्या शंटिंगशी याची गल्लत नको.) गाडी जवळ येते तसा परिपथ आखूड होत जातो. तो किती वेगाने आखूड होतो, यावरून यंत्रणा गाडीचा वेग ओळखते आणि गाडी पोहोचण्याच्या किमान २० सेकंद आधी इशारा सुरू होईल, असे पाहते.

ही सारी मदार चाक आणि रूळ यांच्या नखाएवढ्या स्पर्शावर असते. रुळावर गंज, पानांचा चिकट थर किंवा वंगण असेल तर तो स्पर्श विजेच्या दृष्टीने तुटू शकतो. यंत्रणेला वाटते, गाडी गेली किंवा आलीच नाही. जास्त अ‍ॅक्सल म्हणजे स्पर्शाच्या जास्त जागा. सगळ्या एकाच वेळी तुटण्याची शक्यता कमी. जड मालगाडीला हा प्रश्न सहसा येत नाही. हलक्या, छोट्या गाडीला येऊ शकतो. जुन्या पद्धतीचा ब्रेक थेट चाकावर घासतो आणि चाक आपोआप साफ होते. डिस्क ब्रेकमध्ये तेही होत नाही. फाटक उघडे राहिले आणि शाळेची बस आत आली तर काय, ही सीएनची भीती त्यामुळे कल्पनेतली म्हणता येत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात सीएनच्याच मार्गावर अ‍ॅमट्रॅकला अनेक वर्षे केवळ ३२ चा आकडा गाठण्यासाठी जास्तीचे डबे ओढावे लागले.

व्हियाची तक्रारही पोकळ नाही. या गाड्या दोन वर्षे धावत होत्या, मग निर्बंध असा अचानक का? जुन्या गाड्याही अनेकदा चार-पाच डब्यांच्याच असत. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हियाने न्यायालयात दाद मागितली. तोवर प्रवाशांच्या फोनवर उशिराचे संदेश येऊ लागले होते. प्रत्येक क्रॉसिंगला थोडा थोडा वेळ गेला तरी टोरंटो–माँट्रियलमध्ये अर्धा-पाऊण तास सहज जातो. सकाळची गाडी उशिरा पोहोचते, तोच रेक दुपारच्या गाडीला लागणार असतो, तीही उशिरा निघते. आखूड फेरीचा जो फायदा पैसे मोजून घेतला होता, तो इथे आटला.

मग डबे वाढवा, असे कोणीही म्हणेल. २४ ला ३२ करायला फक्त दोन डबे हवेत. पण कायम जोडलेल्या रेकमध्ये ते ऐनवेळी घालता येत नाहीत. दोन रेक एकमेकांना जोडले तर ४८ अ‍ॅक्सल होतात. व्हियाला ही पद्धत नवी नाही. टोरंटोहून दोन गाड्या एकत्र निघायच्या आणि ब्रॉकव्हिलला वेगळ्या होऊन एक ओटावाला, दुसरी माँट्रियलला जायची, असे ती पूर्वी करत आली आहे. सगळीकडे तसे केले तर ३२ रेकच्या १६ गाड्या होतील. दर दोन तासांनी सुटणारी गाडी चार तासांनी सुटेल. हा व्यवहार परवडण्यासारखा नाही. रुळांच्या बाजूने यंत्रणा सुधारणे किंवा गाडीवर स्पर्श सुधारणारे उपकरण बसवणे हे मार्ग उरतात. त्यांना वेळ लागतो आणि खर्च कोणी करायचा, हा प्रश्न येतोच. ३२ गाड्यांची मागणी नोंदवताना रूळमालकाशी या आकड्यावर पक्के बोलणे का झाले नाही, हे दोन्ही कंपन्यांना विचारायला हवे.

पुढे काय?

२०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लांब पल्ल्याच्या मार्गांवरचा जुना ताफा बदलण्यासाठी निधी देण्याचे सरकारने जाहीर केले. हे रेक चार रात्री प्रवास करणारे असतील, त्यांना उणे ४० अंशांत चालावे लागेल आणि चर्चिलसारख्या ठिकाणी जावे लागेल. डबे सुटे ठेवायचे की कायम जोडलेले, हा निर्णय तिथे कॉरिडॉरपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरेल. रॉकी पर्वतात बिघडलेला एक डबा सोडून पुढे जाता येते. पूर्ण गाडी सोडता येत नाही. टोरंटो–क्युबेक सिटी अतिवेगवान रेल्वेची घोषणाही फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आहे. ती स्वतःच्या वेगळ्या रुळांवर धावेल, पण आज तिकीट काढणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

तोवर व्हियाच्या वेळापत्रकातले सर्वात साधे गणित ऑन्टारिओच्या जंगलात पाहायला मिळते. सडबरी ते व्हाइट रिव्हर या सुमारे ४८० किलोमीटरच्या मार्गावर १९५० च्या दशकात बनलेल्या बडच्या डिझेल मोटारगाड्या अजून धावतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार जायचे. बुधवार, शुक्रवार, रविवार यायचे. वाटेत कोणी होडी आणि तंबू घेऊन रुळाशेजारी हात केला की गाडी थांबते. आठवड्यातले सहा दिवस एकच रेक पुरतो. दुरुस्तीसाठी सोमवार.